‘मानभावी’ची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला सांगता आलं असतं, पण ती आधीच गेली. दिनूला तर — छे. आता तुला सांगतोय, आणि मशीनवर सांगतोय, कारण हाताने लिहायला बसलो की दोन ओळी होतात आणि मी कागद फाडतो. मशीनवर तसं नाही. बोटं पुढे पळतात, मी मागून येतो. ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात देवनागरी मशीनवर माझ्याएवढं भरभर टाइप करणारा दुसरा नाही, असं आबासाहेब चारचौघांत सांगतात. मला ते ऐकायला आवडतं. बघ, पहिल्याच परिच्छेदात फुशारकी! जाऊ दे. खोडत नाही. आज काही खोडायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

शब्दापासून सुरू करतो. मानभावी.

तुझ्या घरात वापरतात ना हा शब्द? वापरतच असणार. वरून गोडगोड, नम्र, हात जोडलेले, आणि आत काहीतरी भलतंच — अशा माणसाला आपण पट्कन म्हणून टाकतो, काय मानभावी आहे रे! नळावर म्हणतात, लग्नाच्या मांडवात म्हणतात, व्याह्यांबद्दल तर हमखास म्हणतात. कुणी विचारतं का हा शब्द आला कुठून? मीही विचारलं नव्हतं. आठ वर्षांचा होतो. गल्लीतून ऐकून आलो आणि समोरच्या काकूंबद्दल घरात ठसक्यात बोललो, ‘मानभावी आहे ती.’ आईने फाडकन थोबाडीत दिली. का दिली ते सांगेना. आत्या तांदूळ निवडत बसली होती, ती हसायला लागली. म्हणाली, ‘त्याला कशाला मारतेस वहिनी, त्याला काय ठाऊक.’ मग मला जवळ ओढून तिने सांगितलं. खरा शब्द महानुभाव. मोठा ज्याचा अनुभव, तो. एका पंथाचं नाव. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचा झाला मानभाव. मग कुणाला तो पंथ आवडला नाही, कुणाला त्यांचे काळे कपडे आवडले नाहीत, कुणाला ते दुसऱ्या देवांपुढे वाकत नाहीत हे आवडलं नाही — आणि नावाची शिवी झाली. मानभावी.

मी विचारलं, ‘म्हणजे ही शिवी कुणाला?’

आत्या म्हणाली, ‘आपल्याला.’

आणि परत तांदूळ निवडायला लागली. एकदम शांत. मला अजून तिचा तो हात दिसतो, खडे बाजूला सारणारा.

तर — हो. आम्ही त्यातले. पणजोबा शिंद्यांच्या फौजेतून वऱ्हाडाकडून इकडे आले, पंथाचा उपदेश घेऊनच आले, आणि इथे आल्यावर गप्प बसले. शेजारीपाजारी आपले सगळे दक्षिणी, म्हणजे मराठीच, पंक्तीत पान शेजारी लागतं, मुलींची लग्नं करायची असतात. घरात कृष्णाचं नाव, बाहेर सगळ्यांसारखे. आईने मला हे एवढं पक्कं शिकवलं होतं की मला त्यात काही चोरटं वाटायचंच नाही. उपदेशी माणूस दुसऱ्या देवाची पूजा करत नाही. आणि मी? आबासाहेबांकडच्या गणपतीत झांज माझ्या हातात. आरतीत सगळ्यात मोठा आवाज माझा. सच सांगतो, मजा यायची. आता सांग, मानभावी कोण?

पण हे काही मी कबूल करायला बसलो नाही. असं तर कितीतरी घरं करतात. मी अजून आजूबाजूलाच फिरतोय. फिरू दे थोडं.

आत्याबद्दल सांगायला हवं. बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन आमच्याकडेच आली, मी दहा वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडे होती. बाबा फौजेत, आई सदा आजारी. मला न्हाऊ घालणं, भरवणं, शिकवणं सगळं तिचं. आणि तिने मला एक चीज शिकवली जी ग्वाल्हेरीत कुणाला येत नाही. सकळ लिपी. आमच्या पंथाच्या पोथ्या साध्या बाळबोधीत लिहीत नाहीत, त्यांची वेगळी लिपी असते. एका अक्षराच्या जागी दुसरं, त्याच्या जागी तिसरंच. नुसतं बघितलं तर काही लागत नाही, किल्ली माहीत असली की झरझर वाचता येतं. माझ्यासाठी तो खेळ होता. ती पाटीवर लिहायची, मी वाचायचो, ‘यशा आज भेंडी खाणार आहे.’ मी ओरडायचो, नाही खाणार! आणि आम्ही दोघं हसायचो, आईला कळायचंच नाही काय चाललंय.

पुढे आबासाहेबांनी कलकत्त्याहून हे मशीन मागवलं तेव्हा त्याच्यासमोर बसलेले सगळे हैराण. अक्षरं अशी विखुरलेली, क कुठे, ख कुठे, काही पत्ता नाही. मला आठ दिवस लागले. फक्त आठ! सगळे म्हणाले, बोटांत जादू आहे. जादू कसली. अक्षर जिथे असायला हवं तिथे नसतं, ही सवय मला लहानपणीच लागली होती. ज्या बोटांची आबासाहेब तारीफ करतात ती आत्याने घडवलेली आहेत. मी त्यांना हे कधी सांगितलं? सांग, कधी?

बाबा गेले आणि आत्या वऱ्हाडात गेली, संन्यास घेतला. डोकं मुंडलेलं, काळी वस्त्रं, खांद्याला झोळी. जाताना आईने तिच्याकडून वचन घेतलं होतं — मी दाराआडून ऐकलं — की आमचं नाव पंथाच्या संबंधात इथे कुणापुढे घेणार नाही. ‘पोराचं पुढे काय होईल,’ असं आई म्हणाली; ‘वहिनी, मी नाही घेणार,’ असं आत्या म्हणाली. हे लक्षात ठेव. याला पुढे काम आहे.

आता आबासाहेब. दरबारच्या मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले, एकदम सज्जन माणूस. वाईट असते तर माझं किती सोपं झालं असतं! त्यांना छंद एकच. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जे शब्द बोलले जातात ते गोळा करायचे, आपल्या इथे अर्धं हिंदी झालंय, मुलं उद्या विसरतील, म्हणून. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो आला कुठून, त्याखाली एक वाक्य, बोलण्यात कसा येतो ते. शब्द आणायचं काम दिनूचं. तो घरोघर फिरायचा, बायकांना हसवायचा आणि शब्द घेऊन यायचा. चिठ्ठ्या टाइप करायचं काम माझं. आबासाहेबांच्या ओसरीवर आम्ही दोघं बसायचो. दिनू माझा दोस्त. म्हणजे खरा दोस्त, नुसता ओळखीचा नाही. पण जीभ अशी की समोरच्याची सालं काढतो, आणि लोक हसतात, आणि ज्याची काढली तो पण हसतो, न हसून करतो काय.

त्या थंडीत आम्ही म वर होतो. लढाई चालू होती, गाड्या सोजिरांनी भरलेल्या. आणि एका सकाळी मी कंपू मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीला कुलूप लावत होतो, तर मागून आवाज — ‘यशा.’

आत्या होती. पंजाबातल्या मठातून परत वऱ्हाडात निघाली होती. डब्यात उभं राहायला जागा नाही, अंगात ताप, पोट फुगलेलं, ग्वाल्हेर आलं तसं उतरली. अर्धी झाली होती रे. मी तिला आत घेतलं. दार लावलं. आधी दार लावलं, मग पाया पडलो — हा क्रम मला आठवतो. तिने पाणी मागितलं, आपल्या फडक्यातून गाळून प्यायली. आणि मग काही आढेवेढे न घेता म्हणाली, ‘मी काही वऱ्हाड गाठत नाही आता. फार तर महिना. मला तुझ्याकडे राहायचं नाही, तुला अडचण होईल. मला फक्त माती हवी आहे.’

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्यातल्या संन्याशाला जाळत नाहीत. मातीत ठेवतात, मीठ घालून, डाव्या कुशीवर निजवून. तिच्यासाठी ते शेवटचं आणि सगळ्यात मोठं. वऱ्हाडात असती तर चार माणसांनी न सांगता केलं असतं. इथे कोण करणार? इथे एकटी बेवारशी बाई मेली तर सरळ घाटावर नेतात. तिला हवा होता कुठल्यातरी बागेतला कोपरा, आणि एक माणूस जो पुढे येऊन म्हणेल, ही माझी आहे, हिला जाळू नका.

आबासाहेबांची कंपूपलीकडे बाग आहे. पेरूची. मी म्हणालो, ‘आत्या, तू काळजीच करू नको, मी आजच बोलतो. ते माझं ऐकतात.’ खरंच ऐकत होते. तिला टांग्यात घालून स्टेशनजवळच्या धर्मशाळेत सोडलं. तिथल्या चौकीदाराला काय सांगितलं माहीत आहे? ‘रस्त्यात भेटली, आजारी दिसली म्हणून आणली.’ त्याने विचारलं पण नव्हतं. आपणहून सांगितलं.

आणि त्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. ओसरीवर जायचो, मनात वाक्य तयार असायचं, आणि दिनू काहीतरी बोलायचा, सगळे हसायचे, मी पण हसायचो. संध्याकाळी धर्मशाळेत जायचो, गजक, ती तिळाची कडक मिठाई, घेऊन जायचो, जसं काही तिला दात होते! ती विचारायची नाही. मीच म्हणायचो, आबासाहेब कामात आहेत, उद्या नक्की. ती म्हणायची, बरं. सहा वेळा बरं म्हणाली.

सातव्या दिवशी ती स्वतः आली.

मला शोधत नव्हे. दुपारी भिक्षेला निघालेली, रस्त्यावरच्या कुणीतरी सांगितलं असेल की आबासाहेब दक्षिण्यांना नाही म्हणत नाहीत. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘दंडवत.’ आमचा नमस्कार तो. समोरून तसंच उत्तर द्यायचं असतं, लहानपणापासून तोंडात बसलेलं. माझे ओठ उघडले. उघडले, आणि मी त्याचा खोकला केला.

आणि दैव बघ — मशीनवर त्या वेळी कुठली चिठ्ठी होती? शब्द टाइप झाला होता. मानभावी. अर्थ झाला होता. आबासाहेब तिसऱ्या ओळीवर अडले होते. ते म्हणत होते, ‘लोक म्हणतात त्या पंथाचे लोक कपटी, म्हणून हा शब्द. पण काय हो, आपल्यातल्या कुणी त्यांच्यातला एक तरी माणूस जवळून पाहिलाय का? न पाहता कसं छापायचं?’ आणि दिनूने पायरीकडे बोट दाखवलं.

‘लो! म मधली बाई आपल्या पायांनी चालत आली. यशवंता, हिला पण चिठ्ठीत घाल रे.’

हशा झाला. मीही — हो.

आबासाहेब नाही हसले. त्यांनी तिला वर बोलावलं, घोंगडी टाकून दिली, आणि विचारलं. ती बसली. माझ्यापासून चार हात. माझ्याकडे एकदा बघितलं, जसं कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं. मग तिने त्यांना तेच सांगितलं जे मला आठव्या वर्षी सांगितलं होतं. महानुभाव. मोठा अनुभव. कसा झिजला शब्द. आबासाहेब पुढे सरकून ऐकत होते, मला म्हणाले, ‘यशवंत, हे घे उतरवून.’ मी उतरवत होतो. बोटं भरभर.

दिनूला राहवेना. ‘मावशी, मग तुमच्या पोथ्या असल्या लिपीत का? चांगलं लिहिलंय तर लपवता कशाला?’

ती म्हणाली, ‘जे जपायचं ते झाकून ठेवतात, बाबा.’ आणि झोळीतून आपली पोथी काढून आबासाहेबांच्या हातात दिली. एक पान काढून वाचून दाखवलं. छान होतं. दिनू म्हणाला, ‘पण हेच लिहिलंय कशावरून? आम्हाला काय दिसतंय? मी पण कोऱ्या कागदावरून वाचू शकतो.’ आणि त्याने पोथी घेतली, उलटी-पालटी केली, आणि एकदम शेवटचं पान उघडलं, जिथे शाई ताजी होती. ‘हे वाचा बरं. हे आत्ता लिहिलेलं दिसतंय.’

आत्याने पान बघितलं आणि म्हणाली, ‘ते नाही वाचायचं.’

‘का?’

‘ते माझं आहे.’

‘बघा!’ दिनू टाळी वाजवून म्हणाला, ‘बघा आबासाहेब! वरून गोड आणि आत कुलूप. आता अजून काय पुरावा हवा?’

आबासाहेबांनी पोथी माझ्यासमोर धरली. ‘यशवंत, तुझी नजर अक्षराला तेज आहे. यातलं काही लागतं का रे तुला?’

पान माझ्यापासून एक वीत होतं. तिचंच वळण, पाटीवरचं. मी सगळं वाचलं. किती वेळ लागतो? तीन ओळी. वाचलं, आणि म्हणालो, ‘नाही. काही कळत नाही.’

थांब, अजून संपलं नाही. हे तर अर्धंच आहे.

आबासाहेबांनी पोथी मिटली. तिची तब्येत त्यांना दिसत होती. त्यांनी विचारलं काही हवंय का, आणि तिने तेव्हा, सगळ्यांसमोर, साधेपणाने मातीचं मागितलं. कुणी हसलं नाही. आबासाहेब विचारात पडले. म्हणाले, ‘बाई, माझ्या बागेत जागा आहे, आणि माझी ना नाही. पण उद्या पोलीस विचारतील कोणाचा देह पुरला, मी काय सांगू? तुमचं आपलं एक माणूस पुढे आलं, त्याने सही दिली, की झालं. कोणी आहे का तुमचं ग्वाल्हेरीत?’

कळतंय ना तुला? ते देत होते. जमीन देत होते! फक्त एक माणूस हवा होता, आणि तो माणूस चार हातांवर बसून मानभावी शब्दाची व्युत्पत्ती टाइप करत होता.

ती लगेच बोलली नाही. मी म्हणेन ती वाट बघत होती — नाही, बघत नव्हती, माझ्याकडे तिने मान सुद्धा वळवली नाही. ती फक्त मला वेळ देत होती. मी काय केलं? टाइप करत राहिलो. उतरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं तरी. क ख ग घ, क ख ग घ, नुसता आवाज यावा म्हणून. तो कागद असाच दिसत असेल.

मग ती म्हणाली, ‘नाही. कोणी नाही.’

माझ्या आयुष्यात मी तिला खोटं बोलताना ऐकलेलं ते एकच.

उठली. पोथी घेतली नाही. आबासाहेब म्हणाले, बाई, तुमची पोथी. ती म्हणाली, ‘राहू दे तुमच्याकडे. कोणी वाचणारा आला तर वाचेल.’ दंडवत म्हणाली आणि गेली. या वेळी मला खोकला पण आला नाही.

ती गेल्यावर आबासाहेबांनी पोथी परत उघडली, शेवटचं पान बघितलं. मग म्हणाले, ‘कोण जाणे. बाई खरी वाटली, पण ते पान वाचलं नाही हे मनाला लागलं.’ आणि चिठ्ठीत तिसऱ्या ओळीत लोक म्हणतात तेच ठेवलं. पंथाच्या लोकांच्या कपटी वागण्यावरून. तिने सांगितलेलं सगळं बाजूला गेलं. शेवटची ओळ रिकामी होती, वाक्याची. ‘सुचतं का कुणाला?’ त्यांनी विचारलं. आणि दिनूच्या आधी मी बोललो. मी! मला कुणी ढकललं होतं? मी म्हणालो, ‘दारी आलेली बाई मानभावी निघाली.’

दिनू म्हणाला, ‘वा रे पठ्ठे!’ आणि पाठीवर थाप दिली. मी ते टाइप केलं. एक पण चूक नाही.

मला भीती कशाची होती, हे मी स्वतःला तीन वर्षं विचारतोय. नोकरी जाईल? आबासाहेबांनी काढलं नसतं. लग्न मोडेल? ठरलंच नव्हतं. खूप मोठं काहीतरी सापडावं म्हणून मी शोधतो, आणि दर वेळी तेच सापडतं. दिनू हसेल. बस. एवढंच होतं. दिनू हसेल, दोन-चार दिवस मला मानभावी म्हणून हाक मारेल, मग दुसरं काहीतरी सापडेल त्याला.

त्यानंतर मी धर्मशाळेत गेलो नाही. सकाळी ठरवायचो, जाऊ. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याला न लागता सराफ्यातून फिरून घरी यायचो. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी चौकीदार ओसरीवर आला. आबासाहेबांना म्हणाला, ‘हुजूर, वो काले कपडेवाली बाई, जो आपके यहाँ आई थी, गुजर गई. कोई अपना है क्या उसका?’ आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्याने मला. वाट बघितली. मी कागद सरळ करत होतो. आबासाहेब म्हणाले, ‘कोणी नाही म्हणत होती बिचारी.’ मग म्हणाले, ‘असं बेवारशी नको जायला. माझ्याकडून लाकडं दे. यशवंत, लाकडाच्या वखारीवर टालवाल्याला चिठ्ठी टाइप कर.’

नातं सांगायची सुद्धा गरज नव्हती, बघ. नुसतं एवढं म्हणालो असतो, आबासाहेब, ती जाळू नका म्हणाली होती, आठवतंय ना? ते लगेच थांबले असते. त्यांच्या ध्यानातून गेलं होतं, म्हातारे आहेत, ते चांगलंच करायला निघाले होते. एक वाक्य. अनोळखी माणूस सुद्धा म्हणाला असता.

मी विचारलं, ‘किती मण लिहू?’

आणि चिठ्ठी टाइप केली. चौकीदार घेऊन गेला. दुपारी किल्ल्याच्या अंगाला धूर दिसला, तो तिचा होता की कुणाचा, मला माहीत नाही. मी बघायला उठलो नाही. आम्ही म संपवत होतो.

पुस्तक मागच्या वर्षी निघालं. चांगलं निघालं, लोकांनी घेतलं, लष्करात बऱ्याच घरांत आहे, तुझ्याकडे पण असेल. म मध्ये बघ. वाक्य माझं आहे. परवा दिनूची लहान पोर ते मोठ्याने वाचत होती, आईला दाखवत होती, बघ किती मस्त शब्द, आणि मी तिथेच चहा पीत बसलो होतो. मी चहा संपवला.

आता ते पान. ते सांगायचं राहिलंय. ते शेवटचं पान मी वाचलं होतं, त्यात असं होतं —

‘माझा भाचा यशवंत ग्वाल्हेरीत आहे. त्याला ही लिपी येते. मी गेले की त्याला बोलवावं. तो हे वाचून दाखवील आणि मला मातीत ठेवील.’

आईला दिलेलं वचन होतं ना, नाव घ्यायचं नाही. म्हणून तिने ते अशा अक्षरांत लिहिलं जे माझ्याशिवाय ग्वाल्हेरीत कुणालाच वाचता येणार नव्हतं. आणि तेवढ्यावर निश्चिंत राहिली. मोठ्याने वाचलं असतं तर माझं नाव आलं असतं, म्हणून वाचलं नाही, आणि त्यावरून ती खोटी ठरली. चिठ्ठीतही, आबासाहेबांच्या मनातही.

पोथी त्यांच्याच कपाटात आहे, मधल्या फळीवर, लाल फडक्यात. त्यांनी सांगितलं तेव्हा तिला लेबल मीच लावलं. टाइप केलेलं. ‘लिपी अज्ञात. वाचता येत नाही.’

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. लेबल अजून तसंच आहे.